शेलूचा पत्ता

शनिवारी आमच्या घरात जी शांतता असे, तशी मला पुढे कुठेच मिळाली नाही. चौकला, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून, पुढे बाबांचं गॅरेज आणि मागे आमच्या दोन खोल्या. आठवडाभर हातोड्याचे ठोके, घाटाच्या धसक्याने आधीच कण्हायला लागलेले ट्रक, आणि जॅकवर चढवलेल्या एखाद्या गाडीखालून बाहेर आलेले बाबांचे पाय व त्यांच्या शिव्या. शुक्रवारी ऊन उतरलं की बाबा पत्र्याची दारं ओढून घेत, रॉकेलने हात धूत. आई काचेच्या पेल्यात पाणी ओतून त्यावर गोडं तेल सोडी आणि दिवा लावी. भिजवलेल्या मनुका फडक्यातून पिळून शरबत काढलेलं असे. ते हातात धरून बाबा प्रार्थना म्हणत, तीही गिऱ्हाईक खोळंबल्यासारखी घाईघाईने. त्यानंतर शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत चूल पेटत नसे. आदल्या दिवशीचं नारळाच्या रसातलं मच्छीचं कालवण आम्ही गारच खायचो, आणि खरं सांगते, ते गारच जास्त चांगलं लागायचं. एखाद्या नवख्या ड्रायव्हरने पत्रा वाजवला तर समोरच्या चहाच्या टपरीवरून कोणीतरी ओरडे, "अरं, नाय उघडायचा आज. तेल्यांचा शनवार हाय."

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथले यहुदी. आमचे पूर्वज गलबत फुटून कोकण किनाऱ्याला लागले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागले, म्हणून गावांनी त्यांचं नाव 'शनिवार तेली' ठेवलं. बाबांनी आयुष्यात घाणा पाहिला नव्हता, पण त्यांचे हात कोपरापर्यंत तेलातच असत, तेव्हा नाव अगदीच वाया गेलं नाही. घरात त्यांना देव होता, पण बेताचा. आईचं तसं नव्हतं. चौकटीवर तिरकी ठोकलेली मेझुझा, म्हणजे आत देवाचं वचन गुंडाळून ठेवलेली लहानशी डबी, तिला बोटं लावून ती ओठांना टेकवल्याशिवाय आई कधी उंबरा ओलांडत नसे. दारातून काय आत येतं आणि काय बाहेरच थांबतं, याचा तिला सतत घोर असे.

हा घोर तिच्या माहेरचा. तिचे थोरले भाऊ, आमचे बेन्यामीनमामा, कर्जतला राहत. घाट चढवायला गाडीच्या मागे जी जादा इंजिनं जोडतात, त्यांच्या चाकांची देखभाल करून ते निवृत्त झाले होते. कर्जतच्या आसपासची चार-सहा यहुदी घरं सणासुदीला त्यांच्याकडे जमत आणि मामा हिब्रूतून प्रार्थना चालवत. पण त्यांचा खरा जीव होता त्यांच्या लाकडी पेटीत. कोचीनहून कुणा म्हाताऱ्याबरोबर आलेली, कसरीने चाळण केलेली गूढविद्येची पुस्तकं तिच्यात होती. ती त्यांना निम्मीच कळत, हे ते स्वतः कबूल करत. "ही विद्या चाळिशीच्या आत शिकायची नसते," ते म्हणत, "आणि लग्न झालेलं पाहिजे, पोट भरलेलं पाहिजे. रिकाम्या पोटी गेलास तर परत येत नाहीस." मग आम्हा पोरांना समोर बसवून ते सांगत, की एका मुलाने यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनातला एकच शब्द समजून घेतला, खरोखर समजून घेतला, आणि त्या शब्दातून आग निघाली आणि पोरगा जागच्या जागी जळाला. हे सांगताना मामांचा चेहरा खुलत असे. आम्हाला मात्र नंतर कित्येक दिवस पाटीवरच्या अक्षरांची भीती वाटे.

पुढे मी खालापूर तालुक्यातल्या शाळांमध्ये विज्ञान शिकवलं, आणि निवृत्तीनंतर ही विद्या आली कुठून ते मिळेल तिथून वाचून काढलं. मामांनी जे पेटीवर बसून सांगितलं त्यात फार चूक नव्हती. देवळापासून तुटलेले, देशोधडीला लागलेले लोक परक्या मुलखात एका नदीकाठी बसले होते, आणि त्यांच्यातल्या एकाला, त्याच यहेज्केलला, आभाळात रथ दिसला. चाकात चाक, आणि चाकांना डोळेच डोळे. जिथे देऊळ नाही तिथेही देव येतो, चाकांवरून येतो, हा त्यांचा दिलासा. मग त्या रथापर्यंत चढून कसं जायचं, वाटेतल्या दारांवरच्या देवदूतांना कोणती नावं सांगायची, देवाने अक्षरं जुळवून जग कसं केलं, यावर शतकानुशतकं माणसं झुरली. हाकलून दिलेली माणसं जिथे गेली तिथे हे गाठोडं गेलं. स्पेनला गेलं, तिथून गालीलच्या डोंगरात, बगदादला, कोचीनला, आणि शेवटी कर्जतला एका रेल्वे फिटरच्या पेटीत. चाकातल्या चाकाचं वर्णन ऐकून बाबा म्हणाले होते, "ट्रकच्या आसात असतात तसली दातेरी चाकं. डिफरन्शियल असणार." मामा त्यांच्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

माझं पहिलं नाव लेया. हे लिहायला मी आज सकाळपासून बसले आहे. बाबांच्या आईचं हे नाव, ती मी जन्मायच्या आधीच गेली म्हणून रिवाजाप्रमाणे मला दिलेलं. शाळेच्या शेवटच्या इयत्तांकडे मी निघाले होते त्या पावसाळ्यात मला विषमज्वर झाला. खालापूरचे डॉक्टर येऊन जात, आणि जाताना बाबांशी अंगणात उभं राहून बोलत, म्हणजे मला ऐकू येऊ नये. मला त्या दिवसांतलं फारसं आठवत नाही. पत्र्यावरचा पाऊस आठवतो, कपाळावरच्या घडीतून कानात ओघळणारं पाणी आठवतं, आणि एकदा डॉक्टर गेल्यावर बाबांनी स्टोव्ह पेटवायला घेतला आणि काडी तशीच हातात जळू दिली, ते आठवतं. त्याच दिवशी आईने कर्जतला निरोप धाडला.

मामा आले ते ठरवूनच आले होते. आमच्यात फार जुना उपाय आहे. माणूस हाताबाहेर गेला की त्याचं नाव बदलायचं. मरण नावावर लिहिलेलं असतं. मरणाचा दूत नाव विचारत येतो, त्या नावाचं माणूस नाही मिळालं तर त्याला फिरून जावं लागतं. बाबा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. "नंबरप्लेट बदलली म्हणून गाडी दुसरी होते का?" ते म्हणाले.

"गाडी तीच राहते," मामा म्हणाले, "पण पोलिसाला तर दुसरी वाटते ना?"

बाबांनी अंगात सदरा चढवला. ते स्वतःच कर्जत, खोपोली करून पुरुषमाणसं गोळा करायला निघाले, कारण या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि आमच्यासारख्यांना दहा जमवणं म्हणजे लग्नाएवढं काम. कोणी एसटीने आले, दोघे ओळखीच्या ट्रकमधून आले. गॅरेजमध्ये, उघड्या पडलेल्या एका इंजिनाभोवती उभं राहून त्यांनी देवाला कळवलं की शिक्षा झालीच असेल तर ती लेयाला झाली आहे, ही मुलगी ती नव्हे, ही आज जन्मली, हिचं नाव हय्या. हय्या म्हणजे जिवंत. मामांनी खाटेशी येऊन माझ्या कानात ते नाव सांगितलं आणि मग आईकडे वळले. "रिबका, जुनं नाव या घरात कोणी घ्यायचं नाही. बाहेरच्याने हाक मारली तर हिने ओ द्यायची नाही. दारात कोणी विचारलं तर नाही म्हणायचं."

ताप उतरला. डॉक्टरांच्या औषधाने उतरला असं बाबा म्हणत आणि मीही म्हणते. आई मात्र अशक्त पोरीला सोडून घरोघर जाऊन नवं नाव सांगून आली. शेजारच्या पार्वतीमावशीला त्यात काहीच नवल वाटलं नाही. "आमच्यात पन असंच अस्तं गं," ती मला पेज भरवताना म्हणाली. "माझं दोन भाव गेलं, तवा तिसऱ्याचं नाव धोंडू ठिवलं. धोंड्याला कोन न्यायला येतं? अजून ठनठनीत हाय बघ." तिने 'हय्या' म्हणायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग मला नुसतं 'पोरी' म्हणू लागली. शाळेत गुरुजी काही ऐकेनात. ते हजेरीत जुनंच नाव पुकारत, मी ओ देत नसे, आणि समोर बसलेली असून सगळं वर्ष मी गैरहजर होते.

आता त्या दुपारकडे यायला हवं. मला नुकतं भिंतीला टेकून बसता येत होतं. बाबा एक सुटा भाग आणायला खोपोलीला गेले होते. पाऊस जरा थांबला होता आणि आई दाराशी बसून मोड आलेले वाल सोलत होती, रात्रीच्या बिरड्यासाठी. मी आतल्या खोलीच्या चौकटीपाशी, तिच्या पाठीमागे. बाहेर उजेड होता, म्हणून तो आला तेव्हा आधी दार काळोखलं आणि मग मी वर पाहिलं. पार्वतीमावशी पुढे सांगत सुटली की त्याचे पाय उलटे होते. ते साफ खोटं आहे. तिने त्याला पाहिलंच नाही, आणि मीही पाय पाहिले नाहीत. साधा माणूस होता. काखेत छत्री, धुतलेला सदरा, कचेरीतल्यासारखा. इतका साधा, की आज त्याचा चेहरा आठवायला गेले तर काहीच हाताला लागत नाही.

"लेया इथंच राहते ना?" त्याने विचारलं.

आई उठून उभी राहिली. सुपातले वाल सांडले. "नाही," ती म्हणाली.

"हेच घर सांगितलं होतं."

"होती. आता नाही."

तिचा डावा हात पाठीमागे होता. पंजा उघडा, बोटं ताणलेली, आणि तो ती माझ्या रोखाने खाली खाली दाबत होती. गप्प बस. श्वाससुद्धा घेऊ नकोस. मी पाहत होते तो फक्त तो हात.

"मग कुठं गेली?" त्याने विचारलं. दरडावून नव्हे, वाट चुकलेला माणूस विचारतो तसं. त्याचा एक हात चौकटीवर, मेझुझेच्या अगदी खाली टेकलेला होता, पण पाय उंबऱ्याबाहेरच होते.

इथे माझी आई चुकली. आमच्या भागात दारात आलेल्या माणसाला नुसतं 'माहीत नाही' म्हणून लावून द्यायची रीत नाही, त्याला पुढचा रस्ता सांगायचा असतो. आयुष्यभर ट्रकवाल्यांना पत्ते सांगितलेली बाई ती. "शेलूला," ती म्हणाली. "शेलूला गेली. कर्जतच्या पुढे, तिच्या काकांकडे."

"शेलूला," त्याने म्हटलं, मान हलवली, छत्री उघडली आणि तो कर्जतच्या रस्त्याला लागला. आई खाली बसून एक एक वाल वेचू लागली. सगळे वेचून झाले तरी तिचा हात जमिनीवरून फिरतच होता.

तो कोण होता हे आम्हाला कधी कळलं नाही. बाबा म्हणाले, सरकारी दवाखान्याचा असेल, तापाच्या रोग्यांची चौकशी करत फिरतात ते. असेलही. आईने त्यांना पत्ता दिल्याचं सांगितलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. आम्हा दोघींमध्येही तो शब्द पुन्हा कधी निघाला नाही. फक्त आई शेलूच्या बातमीला जपू लागली. तिथे बाबांचे धाकटे भाऊ शालोमकाका रेल्वेत होते, आणि पुष्कळ वर्षांनी दीनाकाकूला दिवस गेले होते. कोणी नेरळ-शेलूकडून आलं की आई आधी पाणी देई आणि मग उगाच काहीतरी विचारल्यासारखं विचारी, "दीना बरी आहे ना?"

काकूला मुलगी झाली. मुलगी गोरी, गुटगुटीत, आरडाओरडा करणारी. बारशाला आम्ही सगळे गेलो. काकांच्या क्वार्टरमध्ये गुळखोबऱ्याच्या पोह्यांचा मलिदा केला होता, केळी कापली होती, पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या, आणि दर थोड्या वेळाने गाडी गेली की पाळणा आपोआप हले. बायका गात होत्या. काकू पाळण्यावर वाकली, मुलीच्या कानात नाव सांगितलं आणि हसत उठून सगळ्यांना म्हणाली, "लेया."

आईच्या हातातलं मलिद्याचं ताट मी धरलं, नाहीतर ते पडलंच असतं. काकूला वाटलं आईला राग आला. ती समजावू लागली, "वहिनी, तुमच्या पोरीने सोडलं ना नाव? सासूबाईंचं नाव आहे ते, घरातून जाऊ कसं द्यायचं? म्हटलं, आपण उचलावं." यात तिचं काय चुकलं? आमच्यात मेलेल्यांची नावं अशीच जपतात. आईने तिचा हात धरून फक्त एवढंच विचारलं, "कोणी माणूस आला होता का गं इथे? चौकशीला?"

"कसली चौकशी?" काकू म्हणाली.

परतताना बाबांना पुढे पाठवून आम्ही दोघी कर्जतला उतरलो. मामांच्या ओट्यावर आईने त्यांना सगळं सांगितलं आणि मी शेजारी बसून ऐकलं. मामा मध्येच म्हणाले, "नाही म्हणालीस ना तू? तेवढंच म्हणालीस ना?" आई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. "पत्ता दिलास?" मामांनी विचारलं, आणि आईने मान हलवली. मी मामांना घाबरलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आमच्या लहानपणी त्यांच्या सगळ्या गोष्टी आगीच्या असत, पण त्या आगीत त्यांच्या ओळखीचं कोणी नव्हतं. ते तसेच चपला घालून शेलूला निघाले. काकूने त्यांना दारातूनच परत पाठवलं. "माझ्या धडधाकट लेकराचं नाव बदलू? आजारी आहे का ती? अभद्र बोलू नका, मामा." खरं कारण सांगायचं तर आईने पत्ता दिल्याचं सांगावं लागलं असतं. मामांनी ते सांगितलं नाही.

ती पोर थंडीत गेली. ताप नाही, खोकला नाही. दुपारी पाळण्यात निजवली ती उठली नाही. लहान मुलं तेव्हा अशी जात, कितीतरी घरांतून गेली. हे मी वर्गात शिकवलं आहे, आणि शिकवलेलं मी मानते. पण माझा प्रत्येक वाढदिवस मी दुसऱ्या कोणाच्या तरी ताटातलं खाल्ल्यासारखा साजरा केला, हेही तितकंच खरं. काकू आईच्या गळ्यात पडून रडली. आईचे दोन्ही हात तिच्या अंगाबरोबर लोंबत राहिले, तिला ते काकूच्या पाठीवर ठेवता आले नाहीत. काकूला ते अखेरपर्यंत लागून राहिलं की जाऊबाईंना आपलं दुःख नव्हतंच.

त्या वर्षी मामांनी पेटी रिकामी केली. देवाचं नाव असलेली पुस्तकं जीर्ण झाली की आम्ही जाळत नाही, टाकत नाही, माणसासारखी कबरस्तानात पुरतो. मामांची पुस्तकं कसरीने खाल्लेली होती खरी, पण वाचता येत होती. गोणीत भरून त्यांनी ती पुरली आणि वर माती लोटताना बाबांना म्हणाले, "अर्धी कळली होती. अर्धी कळलेली वापरायची नसतात." बाबांनी थट्टा केली नाही. फावडं त्यांच्याकडून घेतलं आणि उरलेली माती लोटली.

बाबा गेले, मामा गेले, काका-काकूही गेले. गॅरेजच्या जागी आता टायरचं दुकान आहे आणि मागच्या दोन खोल्यांत मी राहते. मेझुझा तिथेच आहे. शेलूला टोलेजंग इमारती झाल्या, वर्तमानपत्रातून तिथल्या घरांच्या जाहिराती पडत. आई नव्वदीतही तो कागद उलटा करून ठेवायची. एक शेवटची दुपार सोडली तर एवढ्या वर्षांत तिने माझं जुनं नाव एकदाही उच्चारलं नाही. रागात नाही, झोपेत नाही, अगदी शेवटी जेव्हा तिला माझं नवं नावही आठवेना तेव्हाही नाही.

ती गेली त्याला अजून वर्ष व्हायचं आहे. दुपार होती, रस्त्यावर नेहमीची वाहतूक. तिला भरवून मी वाटी हातात घेऊन खाटेशी उभी होते. तिची नजर उघड्या दाराकडे गेली आणि तिथे ठरली. दारात कोणी नव्हतं. निदान मला कोणी दिसलं नाही. आई कोपरावर जोर देऊन थोडी उठली, आणि दारात आलेल्या माणसाशी बोलावं तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "शेलूला नाही. तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. लेया इथंच आहे."

मला वाटलं, आता ती माझ्याकडे वळणार.

"मीच," आई म्हणाली. "मीच लेया."

मला ओरडायचं होतं, आई, तुझं नाव रिबका आहे, मी आहे लेया, मी. शब्द जिभेवर आला होता. तेवढ्यात मला दिसलं, की चादरीवरून तिचा डावा हात पाठीमागे माझ्याकडे आला आहे. पंजा उघडा, बोटं ताणलेली, आणि तो ती खाली खाली दाबते आहे.

मी गप्प राहिले.